माठावरचे डोळे

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तसा माझ्या कुठल्याच गोष्टीवर आजवर बसलेला नाही. आमच्या अख्ख्या करमूझ भागात असा माणूस सापडायचा नाही, ज्यानं माझं बोलणं ऐकून आधी हसू दाबलं नाही आणि मग “बरं, पुढं?” म्हटलं नाही. मी लोकांना सांगितलंय, की माझ्या आजोबांचा आवाज गिरणीच्या भोंग्याहून मोठा होता, आणि भोंगा बिघडला की मालक त्यांना छपरावर चढवून हाका मारायला लावत. मी सांगितलंय, की मला एकदा गळाला असा मासा लागला, की तो ट्रामनं घरी आणताना बाकीच्या उतारूंना उतरून चालत यावं लागलं. हे सगळं खोटं. लोकांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण आता जे सांगतो ते खरं आहे: कागदावर छापलेल्या दोन डोळ्यांनी, पापणीसुद्धा न हलवता, चाळीस बायकांचं पाणी तोडलं.

मंगळवारी दुपारी मी ट्राममध्ये होतो. पाळी सुटली होती, कानात साच्यांची घरघर अजून उरली होती; ती घरी पोचेपर्यंत जात नाही, हल्ली तर घरी पोचल्यावरही जात नाही. खिशात फोन थरथरला. चष्मा काढून, पुसून, परत लावून वाचलं. “उस्ताद खमीस, आपल्या गिरणीतल्या दहापैकी नऊ सहकाऱ्यांनी निवेदनाला संमती दिली आहे. आपण अजून राहिला आहात. गुरुवारपर्यंत आपल्याकडून काही कळलं नाही, तर आपली संमती आहे असं समजण्यात येईल. आपल्या वेळेबद्दल आभार.” बस. शिवी नाही, धमकी नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं, शिवीला उलटी शिवी देता येते. हे म्हणजे कुणीतरी शेजारी बसून, हसून, बरगडीत हळूच कोपर मारावं तसं होतं. दहापैकी नऊ. माझी नजर आपोआप ट्राममधल्या माणसांवरून फिरली. समोरच्या बाकावर मांडीवर कोबीची पिशवी घेतलेली बाई, तिच्याशेजारी झोपलेला पोस्टमन, दाराशी दोन विद्यार्थिनी. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, की मी त्यांनी सांगितलं तेच करतोय. ते नऊ कोण, हे शोधतोय. माझ्याच डोक्यात त्यांनी खुर्ची टाकलीय आणि मी उभा आहे. आणि शेवटचं ते वाक्य. गप्प बसलात तर हो. एकोणसाठ वर्षं मी तोंडाचा पट्टा चालवत आलो, आणि या लोकांनी नेमकी माझ्या गप्प बसण्यालाच किंमत दिली.

निवेदन काय होतं ते मला पाठ होतं. गिरणीत जो प्रयोग झाला त्यात मी राजीखुशीनं भाग घेतला. मला कसलाही त्रास झाला नाही. पाणी आणि चहाची सुटी मला पूर्ण मिळाली. तीनच ओळी. रविवारी कामगार न्यायालयात सनिय्याचा खटला उभा राहणार होता, आणि त्याआधी गिरणीला या कागदांचा गठ्ठा पुरा हवा होता. सनिय्या म्हणजे सव्वीस वर्षं साच्यावर तुटलेले धागे जोडणारी बाई. आम्ही सगळे तिला उम्म वलीद म्हणतो, वलीदची आई. गेल्या ऑगस्टात तिला कामावरून काढलं. तेव्हापासून ती बय्यूमीच्या कहवाखान्याच्या दाराशी गाडी लावून वाटल्या डाळीची ताअमिया तळते. तिला तिचं काम परत हवंय, दुसरं काही नको. त्या तीन ओळी मी ट्राममध्ये पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांत एक गोष्ट अशी होती की तिच्यामुळे मला सगळ्यात जास्त राग येत होता, पण ती काय, याच्याकडे मी बघत नव्हतो. आपल्याच घरातल्या एखाद्या कोपऱ्याकडे आपण वर्षानुवर्षं बघत नाही, तसं.

तो प्रयोग करणारी कैरोची मंडळी गेल्या वर्षी वसंतात आली. त्यांच्या कक्षाचं नाव लांबलचक होतं, माणसांच्या वागण्याचं शास्त्र, उत्पादकता, वगैरे. मी त्याला कोपरखळी कक्ष म्हणायचो आणि गिरणीत तेच नाव पडलं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला हुकूम देऊ नये, दंड करू नये, पगारही वाढवू नये. नुसतं आजूबाजूचं काहीतरी जरासं हलवावं, की माणूस आपण होऊन शहाण्यासारखा वागतो. हे मला दालियानं सांगितलं. दालिया त्यांच्यातली सगळ्यात लहान, सत्तावीस-अठ्ठावीसची, पांढरे बूट घालायची आणि ते कापसाच्या धुळीत मळले तरी तक्रार करायची नाही. तिच्यावर मला रागावता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती चांगली पोरगी होती. “अम्म खमीस” म्हणायची, म्हणजे खमीसकाका, चहा माझ्यासाठी स्वतः ओतायची, चार चमचे साखर घालायची आणि माझ्याकडे अशी बघायची की जणू मी विहीर आहे. एके दिवशी तिनं विचारलं, “अम्म, इथली माणसं सगळ्यात जास्त कशाला घाबरतात?” खरं उत्तर मला माहीत होतं. भाडं वाढण्याला, पोराच्या तापाला, साठीला. पण खरं उत्तर सांगण्यात मजा काय? मी ग्लास खाली ठेवला आणि तिला ग्रीक मुकादम सांगितला.

आजोबांच्या काळात, म्हटलं, या गिरणीत एक ग्रीक मुकादम होता. तो मेला तेव्हा मालकानं त्याची तसबीर भिंतीवर टांगली. पण तसबीर काढणाऱ्याकडून काहीतरी चुकलं होतं, तिचे डोळे मिटेनात. “तसबिरीचे डोळे कसे मिटतील?” दालिया म्हणाली. “तेच तर,” मी म्हणालो, “बाकीच्या तसबिरींचे रात्री मिटतात.” ती हसली नाही, लिहीत राहिली. मग मी सैल सुटलो. त्या डोळ्यांखाली सात वर्षं कुणी चहा प्यायला नाही. एकानं हिंमत करून प्यायला तर त्याच्या ग्लासातली साखर मीठ झाली. एकानं खिशात सूत लपवलं, तर घरी जाईपर्यंत त्या सुताचे केस झाले, आणि तेही त्याच्या सासूचे. दालियाच्या बोटांचा टकटक आवाज मला अजून ऐकू येतो. ती मान वर न करता लिहीत होती, आणि माझ्या अंगातून एक ऊब पसरत चालली होती. एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मी सांगतो ते लिहून घेत होतं. माझ्यावर विश्वास बसला होता. त्या सुखासाठी मी तिला आणखी शंभर मुकादम दिले असते. दोन आठवड्यांनी डोळे लागले.

आमच्या गिरणीत अंगणाच्या दोन बाजूंना सूतकताईची दोन खाती आहेत, जुळ्या भावंडांसारखी. तितकेच साचे, तितकीच माणसं, दोन्हींच्या दाराबाहेर तसाच चिंचोळा बोळ, बोळात तसाच मातीचा माठ आणि चहाची शेगडी. एका खात्यात माठाच्या वर डोळे लावले, दोन हात रुंद, भुवया नाहीत, नाक नाही, नुसते डोळे. दुसऱ्या खात्यात म्हणे फुलं लावली. तुलना करायला. काहीच न लावलेलं चालत नाही, काहीतरी निरुपद्रवी लावावं लागतं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. पिवळी फुलं, सहा पाकळ्यांची, आणि मधल्या फुलाच्या खालच्या पाकळीवर छापताना पडलेला एक तपकिरी डाग, चहा सांडल्यासारखा. असो. फुलांचं काय सांगायचं. सांगण्यासारखे डोळे होते.

दालियाच्या शास्त्राप्रमाणे, आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की माणूस प्रामाणिक होतो. असेल, ज्या देशात तिचं शास्त्र शिकवतात तिथं होत असेल. आमच्याकडे कुणी टक लावून बघितलं, तर माणूस प्रामाणिक होत नाही, आजारी पडतो. माझी आई मी लहान असताना माझ्यावरून तुरटी उतरवून निखाऱ्यावर टाकायची. तुरटी फुगायची, फुटायची, आणि तिच्यात आई चेहरा शोधायची, कुणाची नजर लागली त्याचा. मी पलंगाच्या काठावर बसून बघायचो आणि मला दर वेळी माझाच चेहरा दिसायचा. हे मी आईला कधी सांगितलं नाही. तर त्या खात्यातल्या बायकांनी पहिल्या दिवशी डोळे बघितले, आणि पाण्यावर ओढणी धरून प्यायल्या. दुसऱ्या दिवशी घोट कमी केले. डोळ्यांदेखत खाल्लेलं-प्यायलेलं अंगी लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुया आणल्या. नजर उतरवायला कागदाची बाहुली कापतात आणि नावं घेत घेत टोचतात, ही टोचणी अमकीच्या डोळ्यात, ही तमकीच्या. इथं बाहुली कापायचीही गरज नव्हती, डोळे आयतेच मिळाले होते. आठवडाभरात त्यांची चाळण झाली. व्यवस्थापकाच्या नावाची भोकं, जावेच्या नावाची, शेजारणीच्या नावाची. कक्षानं नोंद केली: चित्राची झीज अपेक्षेपेक्षा जास्त. आणि नवे डोळे आणले, प्लास्टिकमध्ये मढवलेले, सुई न शिरणारे. त्या दिवसापासून बायकांनी माठाकडे जाणंच सोडलं. तक्त्यावर त्याची फार सुंदर रेघ आली. दालियानं ती मला दाखवली होती, निळी, उताराची. साच्यापासून दूर राहण्याचा वेळ दर पाळीला सतरा मिनिटांनी घटला. “बघा ना अम्म,” ती म्हणाली, “कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही.” मला बोलता आलं असतं. ग्रीक मुकादम खोटा होता, एवढे चार शब्द. पण ते म्हटलं असतं तर ती माझ्याकडे सगळे बघतात तशी बघायला लागली असती.

बय्यूमीच्या कहवाखान्यात पोचलो. असरच्या नमाजाची, तिसऱ्या प्रहरची बांग नुकतीच होऊन गेली होती, खारा वारा गल्लीत शिरत होता, आणि दाराशी सनिय्याच्या कढईत कोथिंबिरीचा हिरवा वास तडतडत होता. तिनं मान हलवली, मी मान हलवली. तिच्या कढईतल्या तेलावरून नजर उचलून ती सहसा बोलत नाही. मी आत जाऊन फोन टेबलावर आपटला. “वाच,” मी बय्यूमीला म्हटलं. कहवाखान्याचा मालक असून त्याला सगळ्यांची पत्रं वाचायची जुनी सवय आहे. त्यानं मोठ्यानं वाचलं. कोपऱ्यातला गाबिर, ट्रामवरून निवृत्त झालेला चालक, हुक्क्याची नळी तोंडातून काढून म्हणाला, “उस्ताद म्हणालेत तुला. बायको म्हणते का कधी?”

“दहापैकी नऊ,” मी म्हणालो. “दहापैकी नऊ, गाबिर.”

“मग दहावा तू. एवढा मान तुला आजवर कुणी दिला नव्हता.”

“आणि गप्प बसलं की हो,” बय्यूमी म्हणाला. “हे बरं आहे. माझ्या गिऱ्हाइकांना मी असंच करतो. नको म्हटलं नाही तर चहा आणतोच.”

“तुझा चहा आणि हे एक नाही.”

“नाही ना, माझ्या चहात साखर असते.”

सगळे हसले आणि त्या हसण्यानं माझ्या आतलं काहीतरी तुटलं. मी बोलायला लागलो. तो ऑगस्टातला दिवस मी त्यांना अकरा वेळा सांगितलाय, ही बारावी. प्रत्येक वेळी सनिय्या बाहेर उभी असते, ऐकते, ताअमिया उलटते, बोलत नाही. “आमच्या खात्यात,” मी म्हणालो, “त्या दिवशी वाऱ्याची झुळूक नव्हती. पत्रा तापून वाजत होता. आमची नगात, साच्यावरची, तिनं सकाळपासून पाणी तोंडाला लावलं नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर. मी तिच्याकडे बघत होतो, तिचे ओठ कापसासारखे पांढरे पडले होते. आणि ते डोळे, अल्ला साक्षी आहे, ते डोळे हलले.”

“मागच्या वेळी मिटले होते,” गाबिर म्हणाला.

“मिटले आणि मग हलले. तू होतास का तिथं? मी होतो. पोरगी पुढं कलली, साच्यावर गेली, उजव्या हाताची दोन बोटं गेली. आवाजसुद्धा आला नाही, साचे चालू होते ना, ती तोंड उघडून ओरडत होती आणि आम्हाला नुसतं तोंड दिसत होतं.” हे खरं होतं. ते तोंड मी पाहिलं होतं. कुठून पाहिलं, हे महत्त्वाचं नाही. “मग उम्म वलीद उठली. सरळ बोळात गेली. मी तिच्या मागे. चित्राचा एक कोपरा तिनं धरला, एक मी. प्लास्टिक फाटेना. मी दातांनी फाडलं, हा बघा अजून तुकडा अडकलाय. तिनं तुरटी काढली ओढणीच्या गाठीतून, चित्र आणि तुरटी दोन्ही शेगडीवर टाकलं. तुरटी फुगली आणि तिच्यात चेहरा आला, व्यवस्थापकाचा, टायसकट.”

“टाय तुरटीचा का कापडाचा?”

“गाबिर, पोरीची बोटं गेली आणि तू टाय विचारतोस.” मी उठून उभा राहिलो होतो. माझा आवाज गल्लीत जात होता आणि मला तो तसाच जायला हवा होता. “तिला काढलं. कापसाच्या खात्याजवळ आग पेटवली म्हणून. आणि आता मला म्हणतात सही कर. कसलाही त्रास झाला नाही म्हण. मी रविवारी कोर्टात जाणार आणि त्यांच्या तोंडावर सांगणार, ते डोळे माझ्या माठावर होते, मी चार महिने त्यांच्याखाली तहानलेला होतो, मी स्वतः, या हातांनी—” हात वर केले. ते हात मी बघितले. तेलकट, धड, दहाही बोटं जागेवर. आणि तेव्हा ती गोष्ट डोक्यात आली, जिच्याकडे मी ट्राममध्ये बघत नव्हतो: त्या तीन ओळींमधला शब्द न् शब्द माझ्यापुरता खरा होता. पिवळ्या पाकळीवरचा तो तपकिरी डाग डोळ्यांपुढे आला. चहा पिताना रोज समोर असायचा. रोज दोन ग्लास, कधी तीन, माठातलं गार पाणी पोटभर, पाठ भिंतीला टेकून, कुणी घड्याळ न बघता. चार महिने. मला वाटलं, आता कुणीतरी हसावं, गाबिरनं काहीतरी बोलावं.

पण कढईचा आवाज थांबला होता. सनिय्यानं स्टोव्ह बंद केला होता. ती दारात आली, हातात झारा तसाच, त्याच्यातून तेलाचा थेंब उंबऱ्यावर पडला. कहवाखान्यात बायका येत नाहीत, ती आठ महिन्यांत कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. बय्यूमी उभा राहिला. “या, उम्म वलीद,” तो म्हणाला, आणि कुठं बसवावं ते न कळून तसाच उभा राहिला.

“बसत नाही,” ती म्हणाली. “अम्म खमीस, वकिलानं परवा मला त्या लोकांचा अहवाल वाचून दाखवला. त्यात ग्रीक मुकादम आहे. साखरेचं मीठ झालेलं आहे. इथल्या जुन्या श्रद्धा म्हणून छापलंय. कुणी सांगितलं त्याचं नाव दिलेलं नाही. मला ते विचारावं लागलं नाही.”

मी खाली बसलो.

“मी वकिलाला तुमचं नाव सांगितलेलं नाही. त्यावर मी नंतर भांडेन, घरी येऊन, तुमच्या बायकोसमोर. आत्ता मला वेळ नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. गरम तेलाजवळ उभं राहणारी माणसं हळू बोलतात. “अकरा वेळा ऐकलं मी. दर वेळी तुम्ही माझ्याबरोबर कोपरा धरलात. म्हटलं, धरू दे, म्हाताऱ्याला बरं वाटतंय तर. पण हे रविवारी तिथं बोललात, तर त्यांचा वकील हजेरीबुक उघडेल आणि माझा खटला हसण्यावारी नेईल.”

“मी बघितलं होतं,” मी म्हणालो.

“बघितलंत. अंगणाच्या पलीकडून. दारात उभे होता, हातात चहाचा ग्लास होता, भरलेला. मी चित्र फाडताना वळून बघितलं, तेव्हा तुम्ही घोट घेतलात.” गाबिरच्या हुक्क्यातलं पाणी गुडगुडलं आणि थांबलं. सनिय्यानं टेबलावरचा फोन झाऱ्याच्या दांड्यानं माझ्याकडे सरकवला. “आधी याला नाही म्हणून कळवा, गुरुवार लागायच्या आत; त्यांच्या कागदात कुठलं खातं ते लिहिलेलं नाही. मग रविवारी या, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, आणि दिवसाला किती ग्लास पाणी प्यायलात ते सांगा. किती चहा. कुणी हटकलं का. बस, तेवढंच; फरक त्यातच दिसतो. डोळ्यांचे साक्षीदार माझ्याकडे सतरा आहेत, अम्म खमीस. तुमच्या भिंतीवर फुलं होती.”